बोट टेकवता यावं, ठेवता येऊ नये

प्रमिलाबाई झाडे यांची आणि माझी पहिली भेट झाली, तेव्हा त्यांनी मला पहिला हुकूम सोडला तो "थुंका". गौरवग्रंथात हे वाक्य शोभत नाही, हे मला कळतं. संपादक मंडळातल्या एकदोघांनी तसं हळूच सुचवूनही पाहिलं. पण सजवून लिहिलेलं बाईंना खपत नाही, आणि त्यांच्या पंचाहत्तरीच्या दिवशी त्यांची बोलणी खायची माझी तयारी नाही. तेव्हा आहे तसंच लिहितो.

या ग्रंथात बाईंच्या जीवरसायनशास्त्राच्या अध्यापनावर मोठमोठ्या मंडळींनी लिहिलं आहे. मी कापड धुणारा माणूस. राहणार वडनेरचा, आणि हिंगणघाटकडच्या एका लहानशा कापड कारखान्यात धुलाई खात्याचा फोरमन. बाईंच्या हाताखाली मी परीक्षा एकही दिली नाही, चुका मात्र दोन केल्या. खरं सांगायचं तर एकच चूक दोनदा केली. पहिल्या वेळी कापड वाया गेलं. दुसऱ्या वेळी माझी लेक पल्लवी हातची जाता जाता राहिली. ती राहिली, म्हणून मी हा लेख लिहायला बसलो आहे.

आधी कापडाचं सांगतो. विणण्यापूर्वी सुताला पिठाची खळ देतात, म्हणजे मागावर धागा तुटत नाही. विणून झालं की तीच खळ नडते. ती निघाल्याशिवाय कापड रंग सारखा घेत नाही. आमच्याकडे पूर्वी कापड हौदात भिजवून आंबू द्यायचे, नाहीतर आम्लात बुडवायचे. आंबवलं तर वास गावभर, आम्ल जरा जास्त झालं तर सूत कच्चं. मग आमच्या शेठजींनी कुठूनसा एन्झाइमचा ड्रम आणवला. शाळेच्या पुस्तकात याला विकर म्हणतात, आम्ही कारखान्यात एन्झाइमच म्हणतो. ड्रमावर सगळी इंग्रजी. मला लहानपणापासून एवढंच ठाऊक, की पाणी जितकं कढत तितका कपडा साफ. मी पाण्याला खळखळून उकळी आणली आणि एन्झाइम ओतलं.

शाळेच्या गणवेशाचा निळा माल होता. रंगून निघाला तो चट्ट्यापट्ट्यांचा, कुठं गडद, कुठं पांढुरका. दुसऱ्या खेपेला मी अक्कल चालवून एन्झाइम दुप्पट केलं आणि उकळी आणखी जोराची दिली. माल आणखी बिघडला. शेठजी लालबुंद. "कोल्हे, हा ड्रम परत पाठव. आपलं आम्लच बरं," असं म्हणून ते निघाले, पण त्यांची पुतणी वर्ध्याच्या कॉलेजात शिकत होती, तिनं आपल्या बाईंचं नाव काढलं.

दोन दिवसांनी बोरगाव मेघेहून एसटीनं बाई आल्या. सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीवर तपकिरी डाग. तो डाग आयोडीनचा हे मला नंतर कळलं. पिशवीत आयोडीनची कुपी कायम असायची आणि तिचं झाकण कायम ढिलं. बाईंनी खराब कापडावर एक थेंब टाकला. थेंब पडला तिथं शाईसारखा निळा डाग उमटला.

"पीठ आहे तिथं आयोडीन निळं होतं," बाई म्हणाल्या. "तुमची खळ आहे तिथंच आहे. एन्झाइम कसं घातलं?"

मी छाती काढून सांगितलं. कसूर कुठं ठेवली नव्हती ना! त्यांनी माझ्याकडे एकवार पाहिलं, पिशवीतून काचेची नळी काढली आणि म्हणाल्या, "थुंका."

आमच्या डोक्यावर पाटी होती, 'येथे थुंकल्यास दंड'. माझ्या गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा. मी म्हटलं, "बाई, इथं थुंकाले मनाई आहे न."

"नळीत मनाई नाही. आधी तो खर्रा टाकून या आणि चारदा चूळ भरा. मला खर्र्याची परीक्षा घ्यायची नाही."

सगळं खातं गोळा झालं. माझी थुंकी पाण्यात कालवून बाईंनी दोन नळ्यांत वाटली. एक नळी कॅन्टीनच्या शेगडीवर उकळून थंड केली, दुसरी तशीच ठेवली. दोन्हींत खळीचं पातळ पाणी घातलं आणि कोमट पाण्याच्या पेल्यात उभ्या केल्या. "चहा घ्या तोवर," म्हणाल्या. चहा झाल्यावर दोन्हींत आयोडीन टाकलं. उकळलेली नळी निळीशार. न उकळलेलीत निळ्याचा मागमूस नाही, नुसता आयोडीनचा पिवळसर रंग.

"पीठ म्हणजे साखरेच्या मण्यांची लांब माळ," बाई सांगू लागल्या. "ती कातरणारी कात्री तुमच्या थुंकीत आहे, तसलीच ड्रमात आहे. म्हणून तर भाकर खूप वेळ चावली की गोड लागते. कात्री माळ कापते, पण स्वतः संपत नाही. एक कापली की दुसरीला लागते. म्हणून दुप्पट घालायची गरज नसते. मात्र ही कात्री लोखंडाची नाही, घड्या पडलेल्या धाग्याची आहे. उकळलं की घड्या मोडतात, मग ती काही कापत नाही. उकडलेल्या अंड्यातून कधी पिल्लू निघालं का भाऊ?"

"मंग पाणी किती गरम पाह्यजे?"

"बोट टेकवता यावं, ठेवता येऊ नये. हा अंदाज झाला. कारखान्यात अंदाज चालत नाही, थर्मामीटर घ्या."

त्या दिवशी दुपारी आम्ही तसं पाणी करून कापड धुतलं. बाईंनी थेंब टाकला, निळं काही उमटेना. शेठजींनी ड्रम ठेवून घेतला. बाई मात्र लगेच निघाल्या नाहीत. त्यांनी ड्रमावरची इंग्रजी वाचून स्वतःच्या अक्षरात मराठीत कागद लिहिला आणि ड्रमावर चिकटवला. माझ्यावर कोणी हसू लागलं तेव्हा म्हणाल्या, "ज्याला समजलं नाही त्याची चूक नसते. ज्यानं समजेल असं सांगितलं नाही, त्याची असते." असं माझ्या बाजूनं आयुष्यात कोणी बोललं नव्हतं. मी मान खाली घालून नळ्या धूत बसलो.

मग बाईंचं येणं सुरू झालं. कापडावरची लव काढून ते मऊ करणारं एन्झाइम आलं, ब्लीचनंतर कापडात राहिलेलं पेरॉक्साइड मोडून टाकणारं आलं. आधी त्यासाठी आम्ही पाण्यावर पाणी खळाळून टाकायचो, ते वाचलं. प्रत्येक वेळी बाईंचा कागद ड्रमावर. एकदा मी बढाई मारली, "बाई, आता आपलं काम अगदी शुद्ध, आम्ल नाई का काई नाई." त्यांनी मला धरून मागच्या नाल्यावर नेलं. "खळीची साखर झाली, ती गेली कुठं? या पाण्यात. ती खाऊन इथले जंतू पाण्यातला प्राणवायू संपवतात. मासे कशावर जगायचे? एन्झाइम वापरलं म्हणजे पुण्य पदरात पडत नाही, रमेशराव." शेठजींना पाणी साफ करायचं टाकं बांधावंच लागलं. त्यावरून शेठजी बाईंशी महिनाभर बोलत नव्हते, आणि बाईंच्या ते लक्षातही आलं नाही.

बाईंची एक खूण इथं सांगून ठेवतो, जवळच्यांना ती ठाऊकच आहे. राग आला की त्या पुस्तकातलं मराठी बोलतात. माया आली की वऱ्हाडीवर येतात. पहिली दोन वर्षं मी त्यांच्या तोंडून वऱ्हाडीचा शब्द ऐकला नव्हता.

तो ऐकला पल्लवीच्या वेळी. आमची ही थोरली. जन्मतःच किडकिडीत. सहा महिन्यांनंतर वरचं खाणं सुरू केलं आणि तिथंच गाडं अडलं. घट्ट पेज दिली तर दोन चमच्यांत तोंड फिरवायची. पाणी घालून पातळ केली तर वाटीभर प्यायची, पण अंगी काही लागायचं नाही. अंगणवाडीत वजन करायला नेलं की काटा तिथंच, एकदा तर मागं आला. डॉक्टर म्हणाले, "पुढच्या महिन्यात वजन वाढलं नाही तर भरती करावं लागेल." शोभा, माझी बायको, तेव्हापासून रात्रंदिवस पोरीला खांद्यावरून खाली ठेवेना. ठेवली तर काही होईल, असं तिच्या मनानं घेतलं होतं.

मी कारखान्यात तोंड पाडून बसलो होतो, बाईंनी विचारलं, मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "पाणी घालून पातळ करता म्हणजे पोटात पाणीच जातं. एवढंसं पोट ते. पेज घट्टच शिजवा, मग तिची माळ कातरा. अन्न तेवढंच राहील आणि पातळ होईल." पुढच्या खेपेला त्यांनी पुडी आणली. गहू भिजवून, मोड आणून, वाळवून, मोड चोळून काढून केलेलं पीठ. मोड येताना गव्हात तीच कात्री तयार होते, असं त्यांनी समजावलं. वाटीला चमचाभर पुरे, म्हणाल्या.

मी घरी जाऊन पुडी शोभाच्या हातात दिली. "घाल पेजेत," एवढं सांगितलं. धुलाई खात्याचा प्रमुख! तापमानावर पोरांना भाषणं देणारा! शोभानं ते कच्चं पीठ, लहान लेकराला कच्चं कसं द्यायचं, म्हणून पेजेच्या पिठातच कालवलं आणि चांगलं रटरटून शिजवलं. आठ दिवस. पेज होती तशीच घट्ट. पोरीनं तोंड फिरवायचं सोडलं नाही. वजनाचा काटा पुन्हा मागं.

मी बाईंना फोन केला. आवाज चढलाच माझा. "बाई, तुमची कात्री कापडालेच चालते, लेकराले नाई चालत!" दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीनं त्या वडनेरला आमच्या दारात.

"पीठ कधी घालता?" आल्या आल्या विचारलं.

शोभानं सांगितलं. मी ऐकत होतो आणि ऐकता ऐकता माझे कान तापले. बाई माझ्याकडे वळल्या. "कोल्हे साहेब, आपण धुलाई खात्याचे प्रमुख आहात ना?" साहेब आणि आपण! जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. आणि शोभा तर काय, संधीच शोधत होती. "कारखान्यातल्या कापडाची काळजी आहे तुमाले, घरच्या पोट्टीची नाई! मले काऊन नाई सांगतलं, उकळाचं नसते म्हून?" असं म्हणाली आणि रडायलाच लागली. आठ दिवस कोंडलेलं सगळं बाहेर आलं.

तेव्हा बाईंनी जे केलं ते मी विसरणार नाही. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "रडू नको वो माय. चुकी माह्यी आहे. म्या पुडीवर लिहून द्याले पाह्यजे होतं. तुह्या नवऱ्यावर भरोसा ठेवला, थेच चुकलं." एवढ्या दुःखातही शोभाला हसू आलं.

मग त्यांनी पदर खोचला. घट्ट पेज शिजवली, भांडं खाली उतरवलं. थांबल्या. बोट टेकवलं, झटकन काढलं. आणखी थांबल्या. पुन्हा टेकवलं. "आता." चमचाभर मोडाचं पीठ घालून त्या ढवळू लागल्या. आधी चमचा उभा राहत होता. मग तो कलला. मग आमच्या डोळ्यांदेखत पेज सैल होत होत ताकासारखी वाहू लागली, थेंबभरही पाणी न घालता. शोभा तोंडाला पदर लावून बघत राहिली. "काय बाप्पा हे!" म्हणाली.

"आता पुन्हा चुलीवर ठेव, उकळी येऊ दे," बाई म्हणाल्या. "कात्रीचं काम झालं. कच्च्या पिठातले जंतू आता मेले पाह्यजे."

पल्लवीनं त्या दिवशी वाटी संपवली, असं मी शंभर लोकांना सांगत आलो आहे. एका सभेत बाईंनी मला सर्वांसमोर अडवलं. "निम्मी," त्या म्हणाल्या. "निम्मी वाटी. उरलेली शोभा प्यायली." तर निम्मी. दुसऱ्या दिवशीही निम्मीच. पण महिन्यानं काटा हलला. पुढच्या महिन्यात आणखी हलला. भरती करावं लागलं नाही. अंगणवाडीतल्या ताईंनी तो काटा दोनदा तपासला होता, खराब झाला की काय म्हणून.

त्यानंतर बाईंनी दिलेल्या प्रत्येक पुडीवर त्यांच्या अक्षरात तीन ओळी असत: 'भांडं खाली उतरवून घालजो. बोट टेकवता यावं, ठेवता येऊ नये. पातळ झालं की पुन्हा उकळी देजो.' समुद्रपूरकडच्या किती अंगणवाड्यांत त्या या पुड्या घेऊन फिरल्या असतील, मला माहीत नाही. त्यांनी मोजलं नाही, आणि मोजणाऱ्यांना पिशवी धरायला लावली. मीही धरली आहे. आयोडीनचे डाग माझ्या तीन सदऱ्यांवर आहेत. ते कुठल्याच एन्झाइमनं निघत नाहीत. पण भाजीचे, दुधाचे डाग कोमट पाण्यात का भिजवायचे आणि कढत पाण्यात का नाही, हे आमच्या वडनेरातल्या बायका आज एन्झाइमवाल्या साबण पावडरीच्या जाहिरातीपेक्षा चांगलं सांगतात. बटाट्यातही पेरॉक्साइड मोडणारं एन्झाइम असतं, त्याच्या फोडीवर ते टाकून फेस आणणं हा तर आमच्याकडे लग्नघरच्या पोरांचा खेळ झाला आहे.

बाईंच्या स्वभावात दोष नाही असं नाही. ऐकून घेत नाहीत. एसटी चुकली तर चालत निघतात. स्वतःच्या जेवणाची आठवण त्यांना दुसऱ्यानं करून द्यावी लागते. याच शेवटच्या दोषानं गेल्या हिवाळ्यात घात केला. मोठ्या तापातून उठल्या, पण अन्नच जाईना. दोन घास घेऊन ताट सारायच्या. मी भेटायला गेलो तेव्हा हाताची हाडं दिसत होती. घरी येऊन बोललो नाही, पण शोभानं ओळखलं आणि पल्लवीला फोन लावला.

पल्लवी आता समुद्रपूरला शाळेत विज्ञान शिकवते. चांगली धट्टीकट्टी आहे, बोलायला बापाच्या वरताण. तिनं रजा टाकली आणि बोरगाव मेघेला बाईंच्या घरी जाऊन राहिली. डॉक्टरांना विचारून तिनं पेज लावली. मी शनिवारी गेलो तेव्हा ती वाटी घेऊन पलंगाशी बसली होती.

"कधी घातलं?" बाईंनी डोळे न उघडता विचारलं.

"खाली उतरवून, आजी."

"बोट?"

"टेकवलं. ठेवता नाई आलं."

"उकळी?"

"दिली न वो आजी! तुमीच तर शिकोलं."

बाईंनी डोळे उघडले. वाटीकडे पाहिलं, मग पल्लवीकडे पाहिलं, बराच वेळ. "लय मोठी झाली वो तू," म्हणाल्या, आणि तोंड उघडलं. एक चमचा. दुसरा. मी भिंतीला टेकून मोजत होतो. कारखान्यात इतकं लक्ष देऊन मी कधी काही मोजलं नाही. सातव्या चमच्याला त्यांनी हात वर केला. मी आनंदानं म्हणून गेलो, "वा! बाईंनी वाटी संपवली!"

"निम्मी," बाई म्हणाल्या. "गौरवग्रंथात लिहिशील तर निम्मीच लिहिजो."

तसं लिहिलं आहे. आता बाई पुन्हा अंगणात हिंडतात, कुपीचं झाकण अजून ढिलंच आहे, आणि मागच्या आठवड्यात त्यांनी मला फोनवर पंधरा मिनिटं पुस्तकातलं मराठी ऐकवलं. तब्येत सुधारल्याची याहून मोठी खूण नाही. शुभेच्छा देताना लोक वयाचे मोठे मोठे आकडे मागतात. मला तेवढं मागता येत नाही. बाई, तुम्ही निम्म्या वाटीवर आमची लेक जगवलीत. तुमच्या वाटीतली निम्मी अजून उरली आहे. ती सावकाश, घोट घोट, कोमट कोमट, पुरती संपवा. तोवर आम्ही सगळे पलंगाशी नाही, अंगणात बसून आहोत.